डावीकडची जागा

मेकॅनिकने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि एकदम सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. भजनात रंगलेल्या माणसासारखी कितीतरी वेळ डोलत राहिली.

"बघितलंत काका? थांबायचं नावच नाही."

"रंगात आलीय," काका म्हणाले.

"रंगात कसली, घायकुतीला आलीय. शॉकअप संपलेत. आणि हा मागचा उजवा पाटा बघा. कमान राहिलीच नाही त्याला, पार फळीसारखा सपाट झालाय. धक्का झेलणार कुठून?"

काका गुडघ्यावर हात टेकून वाकले. चाकावरचा तो लोखंडी पाटा त्यांनी असा पाहिला, जणू नातेवाइकाचा एक्स-रे पाहताहेत. गाडी जुनी होती, उंच, चौकोनी, सात माणसांची. ती घेतली तेव्हा मुलीच्या दोन वेण्या होत्या. आता तीच मुलगी हातात हेल्मेट घेऊन बापाच्या मागे उभी होती आणि घड्याळ बघत होती.

मेकॅनिकने खर्च सांगितला. चारही शॉकअप, चारही पाटे, बुश, मजुरी. आकडा ऐकून काका शेजारच्या जुन्या टायरवर बसले.

"अरे, एवढ्यात एके काळी अर्धी गाडी आली असती!"

"आता एवढ्यात अशा दोन जातील," मेकॅनिक म्हणाला. "खोटं कशाला सांगू? भंगारवाला याच्या निम्मे देईल."

"बाबा, मी वर्षभर वेगळं काय सांगतेय?" मुलगी म्हणाली. "विकून टाका. तुम्ही हवं तिथे रिक्षानं जा, पैसे मी देईन. सत्तरी झाली तुमची."

"माझी झाली, गाडीची नाही," काका म्हणाले आणि मेकॅनिककडे वळले. "असं कर, हा एकच पाटा बदल. बाकीचे चालताहेत की."

"एकटा पाटा बदलत नाहीत काका. जोडीनंच बदलायचा. एक ताठ, एक वाकलेला ठेवला की गाडी तिरकी ओढते."

"जोडीनं," काका स्वतःशीच म्हणाले.

त्यांना स्वतःसाठी गाडी नको होती. बायकोला उपचारांसाठी दवाखान्यात नेण्या-आणण्यात त्यांची शेवटची काही वर्षे गेली होती. ती गेल्यावर पुढच्या सोमवारी ते सवयीने दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तिथे एक म्हातारा वाहनाची वाट बघत ताटकळला होता. काकांनी त्याला घरी सोडले. तेव्हापासून हे सुरू होते. पेट्रोलपुरते पैसे घ्यायचे आणि चालता न येणाऱ्या माणसाला दारापासून दारापर्यंत न्यायचे. देवाने हातात चाक ठेवले आहे तोवर ते कुणासाठी तरी फिरवावे, एवढाच त्यांचा हिशेब होता. लोक त्यांना गाडीवाले काका म्हणत आणि त्यांना ते आवडे.

पण गेल्या आठवड्यात त्यांच्या गाडीने जाणाऱ्या मास्तरीणबाईंना धक्का बसला. बाईंच्या पाठीचे ऑपरेशन झालेले, आठवड्यातून दोनदा व्यायामाला जायचे. गतिरोधकावरून गाडी आदळली तशी बाईंच्या तोंडून बारीकसा आवाज आला. काकांनी आरशात पाहिले, पण आरशात बाई दिसत नव्हत्या. घरी पोहोचल्यावर बाई हसून "बरंय" म्हणाल्या. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: उद्यापासून दुसरी गाडी सांगितली आहे, तुम्ही त्रास घेऊ नका.

त्रास घेऊ नका! काका त्या रात्री जेवले नव्हते. ज्या धक्क्यांपासून एका बाईला इतकी वर्षे जपले, तेच धक्के दुसरीला आपल्या हातून बसावेत? पाटे झाले तर बाईंकडे जाऊन हात जोडता येतील. नाही झाले, तर फाटकाशी उभे राहायचे तोंड कुठे होते?

"निदान आतलं सामान तरी काढून घेऊ," मुलीने निर्णय झाल्यासारखे म्हटले आणि मागचे दार उघडले. छत्री निघाली, पाण्याची बाटली, उशी. मग ती उजव्या कोपऱ्यात वाकली आणि वाकलेलीच राहिली. "बाबा, हे काय आहे? हलत नाहीये."

मेकॅनिकने दोन्ही हातांनी ओढून काढले. जाडजूड शिवलेली पिशवी होती, निळ्या कापडाची, त्यावर पांढरी बदके.

"हा माझ्या खोलीचा पडदा," मुलगी म्हणाली.

"आत काय, सोनं?" मेकॅनिकने विचारले.

"वाळू," काका म्हणाले. ते एकदम शाळकरी पोरासारखे दिसू लागले. "तुझी आई डावीकडे बसायची ना. गुडघा वाकत नव्हता, म्हणून पुढची सीट पार पुढे सरकवून मागे पाय लांब करायची. आणि तिचं वजन तुला माहितीये. ती बसली की म्हणायची, बघा, गाडीनं मला मुजरा केला! मग मी एकदा गमतीत म्हटलं, उजवीकडे तेवढीच वाळू ठेवतो, म्हणजे गाडी कुणापुढे झुकायची नाही. तर तिनं खरंच पिशवी शिवून दिली. गाडी सरळ उभी राहायची. आम्हाला फार शहाणे वाटायचो आम्ही."

मेकॅनिक हसला. मग त्याचे हसू अर्ध्यातच राहिले. "काका, काकूंना जाऊन चार वर्षं झाली."

"हो."

"म्हणजे चार वर्षं हा पाटा एकटाच ओझं वाहतोय. तो बसणार नाही तर काय करणार?" त्याने पिशवीवर हात ठेवला. "आणि एक सांगा, ज्यांना धक्का बसला म्हणालात त्या ऑपरेशनवाल्या बाई बसायच्या कुठं?"

काकांची नजर मागच्या सीटच्या उजव्या टोकाकडे गेली.

"उजवीकडं?"

काकांनी मान हलवली.

"ऐन बसलेल्या पाट्यावर! पाठीचं ऑपरेशन झालेलं माणूस! अहो, डावीकडं का नाही बसवलंत?"

गॅरेजमध्ये कुणीतरी पाना खाली टाकला, त्याचा आवाज घुमला. मुलीने गाडीत पाहिले. पुढची डावी सीट अजून पार पुढे सरकवलेली होती. तिच्या मागे पाय लांब करण्याइतकी मोकळी जागा होती, आणि त्या जागेवरच्या कापडावर एकही सुरकुती नव्हती. तिने हेल्मेट टायरवर ठेवले.

"सगळे उजवीकडेच बसायचे," काका हळूच म्हणाले. "मी म्हणायचो, ते डावीकडचं दार जरा अडकतंय."

"अडकतंय?"

"नाही. चांगलं आहे."

माणूस आठवण जपतो तेव्हा तिचा भार कुणावर पडतोय, हे त्याला दिसत नाही. काकांना ते आता दिसले होते, आणि त्यांना कुठे बघावे कळत नव्हते.

मेकॅनिक पुन्हा गाडीखाली सरकला. या खेपेला बराच वेळ आत होता. बाहेर आला तो कपाळाला ग्रीस लावून. "पुढचं सगळं ठीक आहे. गाडी तिरकी उभी होती म्हणून मला चारही गेले वाटले. मागचे दोन्ही पाटे उतरवतो, कमान देऊन आणतो. जोडीनं. मागचे शॉकअप तेवढे नवे घालू. निम्म्याच्या आत बसेल."

काकांनी मुलीकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "करा म्हणा त्याला. आणि आता बाईंना नीट बसवा."

"काका, ही वाळू इथं ठेवू का?" मेकॅनिकने विचारले. "रोज ऑइल सांडतं. टाकायला कामाला येते."

काकांनी शिवण स्वतः उसवली. टाके बारीक होते, एकेक तोडायला वेळ लागला. मेकॅनिकने डबा पुढे धरला. वाळू सरसरत पडली, आणि रिकामी पिशवी मुलीने झटकून, घडी घालून, आपल्या पर्समध्ये ठेवली.

गाडी तयार झाली त्याच दिवशी काका मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिले.

"बाई, चूक माझी होती. गाडीची नाही. एकदा बसून बघा. लागलं तर परत विचारणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले, उत्तरपत्रिका तपासतात तसे. मग काठी घेतली आणि सवयीने उजव्या दाराकडे निघाल्या.

"तिकडून नको," काका म्हणाले. त्यांनी डावे दार उघडले. बिजागरी कुरकुरली. "इथे पाय लांब करता येतात."

"हे अडकायचं ना हो?"

"निघालं आता."

रस्त्यावर तोच गतिरोधक आला. काकांनी वेग कमी केला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने म्हणाले, "धर गं..." मग घसा खाकरला. "धरा हं, बाई."

गाडी चढली आणि उतरली.

"कशाला धरू?" मागून बाईंनी विचारले. "झाला का तो?"

"झाला," काका म्हणाले.

त्यांनी वर पाहिले. आरसा इतकी वर्षे त्या डाव्या कोपऱ्याकडेच लावलेला होता. तो हलवावा लागला नाही.