फ्रीजचं बटण

मीटरकाकांनी एकतीस वर्षं दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले आणि वीजचोर पकडले. नोकरीतून निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त होईना. घरात पकडण्यासारखं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी फ्रीजला धरलं. जुनंपुराणं धूड ते, दाराचं रबर सैल झालेलं, दिवसभर घरघरत युनिटं खाई. घरजावई पोसतोय मी, असं काका म्हणत.

बायको सकाळी नऊला शिलाईच्या कारखान्यात जाई, शर्टांना काजंबटणं करायला. तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला की काका फ्रीजचं बटण बंद करत आणि संध्याकाळी ती यायच्या आत चालू करत. तिला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. विजेतलं घरात आपल्यालाच कळतं, याबद्दल त्यांची खात्री होती. पुढचं बिल बरंच कमी आलं तेव्हा स्वारी अशी खूश झाली, की तो कागद शेजाऱ्यांनाही दाखवून झाला. दूध नासायला लागलं तर त्यांनी दूधवाल्याला फैलावर घेतलं आणि शेवटी दूधवालाच बदलला.

उन्हाळा वाढला तशी बायकोची साखर वाढली. इन्सुलिन दोन्ही वेळा टोचूनही ती उतरेना. डोळ्यांपुढे अंधारी येई, कारखान्यात शिवताना सुई बोटात जाई. काकांचा जुना संशयी स्वभाव जागा झाला. ही कारखान्यात चोरून गोड खाते, दुसरं काय. त्यांनी साखरेचा डबा कुलपात ठेवला आणि एका संध्याकाळी तिच्यादेखत तिची पिशवी उलटी केली. आतून जेवणाचा रिकामा डबा, एक रुमाल आणि चार सुटी बटणं पडली. मी काहीसुद्धा खाल्लेलं नाही, असं ती रडून सांगत होती. पकडलेले सगळे असंच म्हणतात, हे काकांना अनुभवाने पाठ होतं.

आठवड्याने ती कारखान्यातच कोसळली. काका दवाखान्यात धावत पोचले. तिला सलाइन लावलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कुठे ठेवता, फ्रीज नीट चालतो ना.

"चालतो की," पलंगावरून बायकोच म्हणाली. "हे स्वतः लक्ष ठेवतात. माझंच काहीतरी चुकत असेल. झोपेत उठून खात असेन मी."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके चोर पकडले, पण न केलेली चोरी कबूल करणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

"फ्रीज मी बंद ठेवतो," ते खाली बघत म्हणाले. "तू गेलीस की. तू यायच्या आत पुन्हा लावतो. तीन महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. औषध उकाड्याने कधीच निकामी झालं असणार, असं म्हणून त्यांनी नवी बाटली मागवली. बायकोने मान वळवून काकांकडे पाहिलं.

"मग माझी पिशवी का उपसलीत?" तिने विचारलं.

नर्सने आणलेली बाटली घ्यायला काकांनी हात पुढे केला, तेवढ्यात बायकोने ती स्वतःकडे घेतली.

"ही मी कारखान्यात ठेवते," ती नर्सला म्हणाली. "तिथला फ्रीज चालू असतो."