कुलूपबंद झालेले फोटो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझे टेबल आहे. मोठमोठे फोटो उघडताना मी अडखळू नये, म्हणून फोटोग्राफरने माझे भाग एकेक निवडून जोडून घेतले. सुरुवातीला माझे फार कौतुक होई. पिवळा पडलेला चेहरा मी असा उजळून देई की गिऱ्हाईक पडद्याला हात लावून बघे.

माझ्याजवळ एक हार्ड डिस्क असे. प्रत्येक फोटोची दुसरी प्रत तिच्यात जाई. काम झाले की ती काढून कपाटात ठेवायची, असे ठरले होते. पण तिची वायर माझ्या पाठीमागे, भिंतीकडे होती.

"राहू दे लागलेली. ती काय खायला मागते?" फोटोग्राफर म्हणे.

"कंबर वाकत नाही म्हणा की सरळ!" मेल बघणारी त्याची बायको हसे. डिस्क लागलेलीच राहिली.

एका सकाळी शाळेच्या बसचालकाची मुलगी आली. तिचे वडील नुकतेच वारले होते. लायसन्ससाठी काढलेला त्यांचा एकच धड फोटो होता आणि तो फक्त आमच्याकडे होता.

"मोठा करून द्या ना, काका. आई म्हणते, चेहरा विसरायची भीती वाटते."

फोटोग्राफरने फोटो उघडून दाखवला. चालक किंचित हसत होता. मुलगी बघतच राहिली. "दुपारी ये, देतो," फोटोग्राफर म्हणाला.

ती गेली आणि एक मेल आला. 'अर्जंट पासपोर्ट फोटो, लगेच छापा.' अनोळखी माणसांचे फोटो आमच्याकडे रोज येत, त्यामुळे अनोळखी पत्त्याचे कुणाला काही वाटेनासे झाले होते. बायकोने मेलसोबत आलेली फाइल उघडली.

"अहो, फोटो दिसतच नाही."

"परत दाब."

तिने परत दाबले.

त्या फाइलमधून माझ्या आत कुणीतरी शिरले होते. ते एकेका फोटोपाशी जाऊन त्याला कुलूप लावत होते. तान्ही बाळे, नवरानवरी, शाळेचे वर्ग, एकामागून एक चेहरे अंधारात जात होते. मला ओरडता येईना. माझा पंखा नुसता घरघरत राहिला.

"म्हातारा तापलाय," म्हणत फोटोग्राफरने खिडकी उघडली.

मग ते वायरीतून डिस्कमध्ये घुसले. तिथल्या प्रतींनाही कुलूप लागले. पडद्यावर अक्षरे उमटली: फोटो हवे असतील तर पैसे भरा.

"माझ्यामुळे झालं का हो?" बायकोने विचारले. फोटोग्राफरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

संगणक दुरुस्त करणारी बाई आली. "फोटो दिसेना तेव्हाच आधी इंटरनेट तोडायचं होतं. पैसे भरू नका, भरूनही किल्ली मिळेलच असं नाही. पोलिसांत तक्रार द्या," ती म्हणाली. तिने खूप खटपट केली. एकही कुलूप उघडले नाही.

दुपारी मुलगी आली. सगळे ऐकून ती हळूच म्हणाली, "पण सकाळी तर दिसले होते ना बाबा?"

मित्रांनो, जपून ठेवायच्या गोष्टींची दुसरी प्रत करा आणि ती संगणकापासून वेगळी काढून ठेवा. अनोळखी फाइल उघडण्याआधी थांबा, मोठ्यांना विचारा. काही भलतेच दिसले तर भीतीने लपवू नका, ताबडतोब सांगा. त्या मुलीचे बाबा अजून माझ्यातच आहेत. ती येते, पडद्यासमोर उभी राहते, आणि मला त्यांचा चेहरा दाखवता येत नाही.