खर्ज कुठे गेला?

थोरल्याने खर्जाच्या स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. खोकं थरथरत होतं, पण सभागृहात खर्जाचा मागमूस नव्हता.

"वहिनी, त्यांना सांगा, माझा ॲम्प्लिफायर चोख आहे," धाकटा मंचावरून म्हणाला.

"त्याला सांग, चोराच्या उलट्या बोंबा," थोरला चार हातांवरून ओरडला.

वहिनीने कुणालाच काही सांगितलं नाही. सहा वर्षं दोघे भाऊ तिच्यामार्फतच बोलत होते. सभागृहात स्पीकर बसवायचं हे काम तिनेच दोघांच्या नावाने घेतलं होतं. चारला सभागृहाचा व्यवस्थापक ऐकायला येणार. काम गेलं, तर हे दोघे पुन्हा एका छपराखाली यायचे नव्हते.

एके काळी या जोडीचा खर्ज असा की पलीकडच्या गल्लीतले म्हातारे कवळ्या काढून खिशात ठेवत. खोकी थोरल्याची, ॲम्प्लिफायर धाकट्याचा. थोरल्याच्या क्रॉसओव्हरमधून, म्हणजे जाडेबारीक सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधून, खर्ज उलटा निघे. बाकीचे स्पीकर हवा पुढे ढकलत, तेव्हा हा मागे ओढी, बेरीज शून्य. धाकट्याने ॲम्प्लिफायरवरचं फेजचं, म्हणजे खर्जाची दिशा फिरवणारं, बटण उलटं केलं की जमे. "चूक तुझी, तर वाकू मी का?" या धाकट्याच्या सवालावरूनच फाटलं होतं.

वहिनी ॲम्प्लिफायरपाशी वाकली.

"भावजी, बटण उलटं कसं?"

धाकटा नखं बघू लागला. "दादा काही बदलायचा नाही. म्हटलं, आपणच..."

थोरला खोक्यामागे सरकला.

"अहो, आणि तुम्ही?"

"तो बटणाला हात लावणार नाही, म्हणून मी घरूनच तारा उलट्या जोडून आणल्या."

"दोघेही शहाणे! चला, एकाने सुलटं करा."

थोरला मुकाट स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकला. धाकट्याने मुकाट बटण फिरवलं. गाणं लागलं. खर्ज पुन्हा गायब.

चारला पाच मिनिटं होती. थोरल्याने डोकं वर काढलं.

"त्याला सांग..."

वहिनी तिथे नव्हती. पाणी आणते म्हणून केव्हाच बाहेर गेली होती.

थोरला खाकरला. स्क्रू ड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला.

"अरे, तू जरा कशाला हात लावू नकोस."

"बरं, दादा."

बाहेर वहिनी बंद दाराला पाठ लावून उभी होती. थोड्या वेळाने दार खर्जाने धडधडू लागलं. तरी ती आत गेली नाही.