पाणी कुठून जातंय

“म्हणजे दुरुस्त करायची नाही?”

“नाही. फक्त बघून सांगा, पाणी कुठून जातंय.”

फुरसुंगीच्या गॅरेजवाल्याने चिंधीला हात पुसत रावसाहेबांकडे नीट पाहिलं. साठीला आलेला माणूस, पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला पेन, आणि मागे जुनी पांढरी गाडी.

“काका, मी काय ज्योतिषी आहे? रेडिएटर गेलाय. बदलून टाका.”

“रेडिएटरच कशावरून?”

“पाणी रेडिएटरमध्येच असतं ना!”

शेजारी स्कूटर घेऊन थांबलेलं गिऱ्हाईक हसलं. रावसाहेबांनी स्वतःच बॉनेट खाली केलं, मागच्या सीटखालच्या कॅनमधलं पाणी कितपत उरलंय ते पाहिलं आणि गाडी बाहेर काढली.

हे तिसरं गॅरेज. लोणी काळभोरच्या पहिल्याने काही न उघडताच ‘हेड गॅस्केट उडालंय, इंजिन उतरवावं लागेल’ म्हणून सांगितलं होतं. दुसरं हडपसरला, काचेच्या दाराचं. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने अकरा सुट्या भागांची छापील यादी हातात ठेवली. रावसाहेबांनी विचारलं, “यातला गळका कुठला?” तो म्हणाला, “सर, आम्ही सगळेच बदलायला रेकमेंड करतो.”

रावसाहेबांना एकही भाग बदलायचा नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं.

त्यांची बायको मैना जाऊन नऊ आठवडे झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. एकाएकी म्हणाली, “अहो, हिकडं या जरा.” कपाळ घामाने भिजलं होतं आणि डावा हात तिने पोटाशी धरून ठेवला होता. रावसाहेबांनी तिला मागच्या सीटवर निजवलं. लोणीतल्या घरापासून हडपसरचा दवाखाना वीस-पंचवीस मिनिटांवर. कवडीपाटाला इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेला टेकलेला त्यांनी पाहिला. मागून मैना म्हणाली, “थांबू नका हां.” ते थांबले नाहीत. पंधरा नंबरच्या थांब्याअलीकडे बॉनेटमधून वाफेचा लोट उठला, गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

सोलापूर रस्त्यावर भर उन्हात ते हात हलवत उभे होते. काचा वर केलेल्या गाड्या बाजूने निघून जात होत्या. शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला. त्यात कांद्याच्या गोण्यांना टेकवून मैनाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, “अर्धा तास आधी आणलं असतं तर…” आणि वाक्य तसंच ठेवून आत गेले.

त्या संध्याकाळी स्मशानातून परतताना रणजितने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, विचारलं, “आप्पा, गाडी दाखवली होती ना कुणाला?”

प्रश्न साधा होता. रणजित खराडीला राहायचा, तिथेच सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो स्वतः कंपनीच्या बसने जायचा, पण पगार वाढला तेव्हा त्याने ही जुनी गाडी घेऊन दारात आणून उभी केली होती. म्हणाला होता, “आईला बीपी आहे. रात्री-अपरात्री न्यायला असू द्या.”

“दाखवली होती की,” रावसाहेब म्हणाले. “कचरूला. काही नाही म्हणाला.”

दाखवली नव्हती.

कचरूचं गॅरेज लोणीतच होतं, रस्त्याला लागून, घरापासून दहा मिनिटांवर. पण हडपसरच्या कंपनीत रावसाहेब तेवीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि कचरू तिथे हेल्पर. स्टोअरच्या जाळीबाहेर उभा राहून तो नटबोल्ट मागायचा. रावसाहेब चिठ्ठी वाचायचे, सही नसली तर परत पाठवायचे. पुढे कंपनी बंद पडली, सगळ्यांच्याच हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. रावसाहेब घरी बसले. कचरू चाळिशीत नवं काम शिकला आणि बघता बघता त्याच्या दारात रांग लागायला लागली. त्या रांगेत उभं राहायचं रावसाहेबांच्या जिवावर यायचं. शिवाय मेकॅनिक एक उघडतात आणि दोन बिघडवतात, असं ते सगळ्यांना सांगायचे. गाडीतलं पाणी कमी व्हायचं, ते वरून भरायचे. पाणी तर आहे, घातलं की चालते.

तिसऱ्या दिवशी रणजित कचरूच्या गॅरेजवर गेला. रावसाहेबांना हे शेजाऱ्याकडून कळलं. रणजितने चार गिऱ्हाइकांसमोर कचरूची कॉलर धरली होती. “तुम्ही माझ्या आईला मारलंत,” असं तो ओरडला होता. कचरू हात जोडून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

न बोलल्याने लोकांना ते खरंच वाटलं. महिनाभरात त्याच्या दारातली रांग तुटली.

रावसाहेबांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दहावा झाला, तेरावा झाला, आणि प्रत्येक दिवसागणिक ते वाक्य जड होत गेलं. मग त्यांच्या मनाने एक वाट काढली. गळती आतली असेल तर? कुणालाच दिसण्यासारखी नसेल तर? तसं असेल तर दाखवली काय आणि नाही काय, सारखंच. कुणीतरी जाणत्याने एवढं सांगितलं की झालं. म्हणून ते गाडी घेऊन हिंडत होते. पण जो तो आपला माल विकायला बसलेला. त्यांच्यापैकी कुणाच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा?

कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याने विश्रांतवाडीच्या हिंदुरावांचं नाव सांगितलं. “लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. तोंड फटकळ आहे, पण खोटं बोलणार नाहीत.”

रावसाहेब सकाळी सहाला पाण्याचे दोन कॅन घेऊन निघाले. मगरपट्ट्याला थांबले, येरवड्याला थांबले. दर वेळी इंजिन निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले, पाणी भरलं आणि पुढे गेले.

आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये हिंदुराव एकटेच काम करत होते. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याला मागे दोरी. रावसाहेबांचं बोलणं त्यांनी मध्येच तोडलं.

“दुरुस्त करायची नाही, कळलं. बसा.”

त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून तिथे एक हातपंप बसवला. दोन-चारदा दाबला आणि त्याच्यावरच्या दाबाच्या घड्याळाकडे बघत स्टुलावर बसून राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दाबाचा काटा हळूहळू खाली येत होता. या नऊ आठवड्यांत गाडीपुढे नुसतं बसून राहिलेला हा पहिलाच माणूस होता. 

हिंदुराव उठले, हातबॅटरी आणि दांडीला लावलेला छोटा आरसा घेऊन आत वाकले.

“या इकडे. बघा.”

आरशात इंजिनाची एक बाजू दिसत होती. तिथून खाली तांबूस ओघळ आला होता. वाळून त्याचा पापुद्रा झाला होता, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा.

“वॉटर पंप. आतलं सील गेलंय. आत कूलंट काय घालत होता?”

“पाणी. नळाचं.”

“म्हणून गंज. रोज?”

“आधी आठवड्याला तांब्याभर. मग रोज. मंडळीच बाटली भरून आणून द्यायच्या.”

“वा. रोज सलाइन लावायचं आणि डॉक्टरला दाखवायचं नाही. चांगली पद्धत आहे.”

 मग रावसाहेबांनी सगळं सांगितलं. मेथी, कवडीपाट, टेम्पो, डॉक्टरांचं अर्धं वाक्य. हिंदुरावांनी बॅटरी बंद केली.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“काटा लाल झाला तेव्हा मी थांबलो असतो तर?”

हिंदुरावांनी आरसा पुसून स्टुलावर ठेवला.

“पंधरा मिनिटं निवू दिली असती, पाणी घातलं असतं, तर गाडी पोचली असती. पण मागे बायको तशी असताना कोण थांबतो? मीही थांबलो नसतो. त्याचं मनाला लावून घेऊ नका.”

“आणि हे?” रावसाहेबांनी ओघळाकडे बोट दाखवलं. “हे बाहेरून दिसण्यासारखं होतं का? कुणी बघितलं असतं तर?”

हिंदुरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस कशासाठी एवढ्या लांब आला आहे, ते त्यांना उमगलं असावं. तरी त्यांनी आवाज बदलला नाही.

“हा ओघळ सहा महिन्यांचा आहे. ज्याने बॉनेट उघडून खाली वाकून बघितलं असतं, त्याला दिसला असता. तासाभराचं काम होतं.”

“तासाभराचं.”

“हो.”

शेडबाहेर आळंदीकडे जाणारी एक बस थांबली, चार माणसं उतरली. रावसाहेब ती माणसं रस्ता ओलांडून जाईपर्यंत तिकडेच बघत राहिले.

“पंप आहे माझ्याकडे. टाकू?” हिंदुरावांनी विचारलं.

“नको,” रावसाहेब म्हणाले.

रविवारी त्यांनी रणजितला बोलावून घेतलं. तो बसने आला. घरी चहा पिऊ न देताच ते त्याला घेऊन रस्त्याने चालत निघाले. कचरूचं गॅरेज दिसलं तसा रणजित थबकला.

“इथे कशाला आप्पा? मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही.”

“ये,” रावसाहेब म्हणाले.

कचरू एका मोटारसायकलची साखळी घालत होता. एकच गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं. या दोघांना बघून कचरू उठला आणि बाकावरचा माणूस सावरून बसला. रावसाहेबांना वाटलं होतं, ऐकायला निदान चारजण तरी असतील. मुलाने कॉलर धरली तेव्हा चारजण होते.

“रणजित,” ते म्हणाले, “मी गाडी याला दाखवली नव्हती. कुणालाच दाखवली नव्हती. सहा महिने पाणी गळत होतं, मी वरून ओतत होतो. दाखवली असती तर तासाभरात झालं असतं. हे मी विश्रांतवाडीला जाऊन खात्री करून आलोय. कचरूचं नाव मी खोटं घेतलं.”

बोलून झालं तरी ते तसेच हात बाजूला सोडून उभे होते, स्टोअरच्या जाळीबाहेर चिठ्ठी घेऊन माणूस उभा राहायचा तसे.

रणजितला आधी काही कळलंच नसावं. तो कचरूकडे बघत होता, मग वडिलांकडे, मग परत कचरूकडे.

“मी यांच्या कॉलरला हात घातला होता, आप्पा,” तो हळू म्हणाला. “सगळ्यांसमोर. आणि तुम्ही दोन महिने… मी दर रविवारी फोन करत होतो तुम्हाला. जेवलात का विचारत होतो.”

“हो.”

“एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

 रावसाहेबांना ते वाटलं तर रोज होतं.

रणजित कचरूपुढे गेला, वाकायला लागला. कचरूने ग्रीसचे हात मागे घेऊन त्याला कोपरानेच अडवलं. “आरं, ऱ्हाऊ दे. आई गेलीया तुजी.” रणजितने डोळे पुसले आणि वळून न बघता रस्त्याकडे निघाला.

“बसा,” कचरूने रावसाहेबांपुढे स्टूल सरकवलं. ते बसले नाहीत.

“तू बोलला का नाहीस तेव्हा?”

“काय बोलायचं? पोराला कुणावर तरी वरडायचं हुतं. म्हनलं, वरडू दे. दोन दिसांनी तुमीच याल, सांगाल.” कचरू साखळीवर वाकला. “तुमी हडपसरला जाता-येता बसमधनं हितनंच जायचा. माझं लक्ष असायचं. तुमी पल्याडच्या बाजूला तोंड करून बसायचा. धंदा काय, आज न्हाई उद्या हुईल. पर ते लई लागलं बगा, रावसाहेब.”

“कचरू…”

“गाडी आना. पंप घालून देतो. पर आज न्हाई. आज मला तुमच्याशी बोलवत न्हाई.”

रावसाहेबांनी मान डोलावली. ते रस्त्याकडे आले. रणजित कडेला उभा होता, हडपसरच्या दिशेला तोंड करून. ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने त्याचा शर्ट फडफडत होता. रावसाहेब त्याच्यापासून दोन हात अंतरावर जाऊन थांबले. 

एक सहा आसनी रिक्षा खडखडत आली. आत आधीच तीन माणसं होती. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, “हडपसर? दोघं का?”

“एकच,” रणजित म्हणाला आणि आत चढला.

आतल्या बाईने त्याच्यासाठी मांडीवरची पिशवी उचलून घेतली. रिक्षा निघाली. रावसाहेब दोन पावलं मागे सरकले, तिला वळून रस्त्याला लागायला जागा व्हावी म्हणून.