पांढऱ्या हातांचा मोची

ओक्ताव्हने फाटक्या बुटाचा तळ आणि आरी इझिदोरच्या पुढ्यात टाकली आणि स्वतः खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. पाठमोरा आपला नावाला. काचेत त्याला सगळं दिसत होतं.

हा इझिदोर तीन आठवड्यांपूर्वी लंडनच्या सोहो भागातल्या फ्रेंच निर्वासितांच्या खानावळीत उगवला होता. पॅरिस कम्यूनच्या उठावात लढलो म्हणायचा, पॅरिसमधल्या बेलव्हिलचा मोची आहे म्हणायचा, आणि हात मात्र पाद्र्यासारखे पांढरे. डांबराच्या दोऱ्याने मोच्याचे हात काळे पडतात ते कायमचे. ओक्ताव्हचेच बघा ना.

लंडनमध्ये पॅरिसच्या पोलिसांचे हेर इतके माजले होते, की चार निर्वासित जमले की पाचवा कुणाचा, हा प्रश्न यायचाच. पॅरिसला जाणारी पत्रं ओक्ताव्ह बुटांच्या तळात शिवून द्यायचा. गेल्या पंधरवड्यात त्यातल्याच दोन पत्त्यांवर छापे पडले होते. रविवारी पंच बसणार होते. हेर ठरला की नाव खानावळीच्या भिंतीवर लागायचं. मग त्या माणसाला लंडनमधला एकही फ्रेंच दारात उभं करत नसे. नव्या माणसाची परीक्षा ओक्ताव्हने हौसेने मागून घेतली होती. इझिदोर त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होता.

काचेतल्या इझिदोरने दोऱ्याला डांबर चोळलं, न बघता आरी उचलली आणि एकाच भोकातून दोन्ही टोकं समोरासमोर खेचली. ओक्ताव्हने जवळ येऊन टाके पाहिले. ते त्याच्या टाक्यांहून सरस होते, आणि ही गोष्ट त्याला मुळीच आवडली नाही.

इझिदोर मात्र उठून कोपऱ्यातल्या बादलीशी गेला. खिशातून सोडा आणि वाळूची पुरचुंडी काढून हात घासू लागला. बोटांच्या पेरांतून रक्त आलं तरी थांबेना.

"पुरे की रे. कातडं सोलतोस का?"

मग तो हळूहळू बोलला. कम्यून पडला तेव्हा, मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्यात, सरकारी शिपाई घरोघर हात तपासत होते. काळे हात म्हणजे बंदुकीची दारू. इझिदोर लढाईच्या मोर्च्यावरून पळून घरी आला होता, हात खरवडून बसला होता. धाकट्या भावाने बंदुकीला कधी बोटही लावलं नव्हतं. तो कामावर बसलेला, हातभर डांबर.

"त्याला नेलं," इझिदोर म्हणाला. "हे डांबर आहे, एवढंच मला सांगायचं होतं. पण मग विचारलं असतं, तूही मोचीच ना, तुझे कसे पांढरे?"

पंचांना हे सांग, असं ओक्ताव्ह म्हणाला. इझिदोरने नकारार्थी मान हलवली.

"म्हातारी आई आहे अजून बेलव्हिलला. मी त्या वेळी घरात नव्हतो असं तिला वाटतं. त्यापेक्षा हेर ठरवा मला."

रविवारी दुपारी खानावळीत सूप निवत होतं. पंचांचा म्होरक्या फुर्काद छापखान्यातला. छपाईचे खिळे वाचावेत तशी माणसं वाचायचा. ओक्ताव्ह उभा राहिला. हा मोचीच आहे, माझ्याहून चांगला, म्हणाला.

"मग हात?" फुर्कादने विचारलं.

आपण कुणासाठी खोटं बोलतोय हे ओक्ताव्हलाही नीट कळेना.

"मी त्याला बेलव्हिलपासून ओळखतो. पहिल्यापासून असाच सारखा हात धुतो."

फुर्कादने सुपाचा चमचा खाली ठेवला.

"तो येऊन तीन आठवडे झाले. ओळखत होतास, आणि सांगतोस आज?"

भिंतीवर कुणाचं नाव लागलं नाही. सगळे जेवायला बसले, फक्त ओक्ताव्हच्या बाकावर दोन माणसांची जागा मोकळी राहिली. दोन वर्षांत त्याला पाव मागावा लागला नव्हता. आज मागावा लागला.

जेवण झाल्यावर फुर्कादने नेहमीप्रमाणे टेबलाखालून बुटांचा जोड आणि घडी केलेली पत्रं काढली. ओक्ताव्हने सवयीने हात पुढे केला. फुर्कादने जोड त्याच्या हातावरून पलीकडे नेला आणि इझिदोरपुढे ठेवला.

"हा तुझ्याहून चांगला म्हणालास ना?"

इझिदोरने वर पाहिलं नाही. त्याने पांढऱ्या बोटांनी पत्रं उचलली आणि एकेका पत्रावरचा पत्ता सावकाश वाचला.

शिवायला पत्ता वाचावा लागत नाही. ओक्ताव्हने तोंड उघडलं, आणि बाकावरच्या मोकळ्या जागेकडे पाहून मिटून घेतलं.