फिकट गुलाबी

देशकर सरांच्या प्रयोगशाळेची एक शिस्त होती. आम्ल किती तीव्र आहे ते काढायचं, तर फ्लास्कमधल्या आम्लात रंग दाखवणारं दर्शक घालून ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, थेंब थेंब कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडायचं, फिकट गुलाबी रंग टिकला की तोटी बंद करून सरांना बोलवायचं. सर फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवत, भुवई उंचावत आणि उलट पोरांनाच विचारत, "तू सांग, आला का रंग?" पोरं 'आला' म्हणाली की सर मान डोलवत. सदर भागातल्या पालकांत या पद्धतीचं मोठं कौतुक होतं. मुलं विचार करायला शिकतात म्हणे.

खरं कारण एवढंच, की सरांना फिकट गुलाबी दिसतच नसे. जन्मापासून. एम.एस्सी. होईपर्यंत त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. पुढे बायकोलाही नाही. तिच्या साड्यांना ते सरसकट 'छान' म्हणत.

बारावीच्या प्रात्यक्षिकाला कन्हानहून अरुंधती मॅडम बाहेरच्या परीक्षक म्हणून आल्या. खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी फर्मान काढलं, "मुलांशी अवाक्षर बोलायचं नाही. फ्लास्क बघा, गुण टाका."

इथे सर फसले. पायलने हात वर केला. तिच्या फ्लास्कमध्ये त्यांना निव्वळ नळाचं पाणी दिसलं. म्हणजे रंग यायच्या आधीच ही आकडा लिहून मोकळी! बाजूच्याचं पाहिलं असणार. सरांनी स्वतः तोटी सोडली. बरंच पडल्यावर कुठे त्यांना काहीसं काळपट-निळसर दिसलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. फ्लास्कात गुलाबाचं सरबत झालं होतं.

"कॉपी," सर म्हणाले आणि शून्य टाकून पुढे सरकले.

पायल मागोमाग आली. डोळे भरलेले, आवाज दबका. "सर, रंग आला होता जी. मॅडमनं बोलाले मना केलं, म्हणून मी सांगतलं नाही."

"आला असता तर मला दिसला नसता का?"

"नाही जी. तुमाले नाही दिसत."

"कोण म्हणतं?"

"साऱ्याइले माहीत हाय. अकरावीत आल्या आल्याच सीनियर सांगून ठेवतात, सर विचारतीन तवा खरं सांगजा, त्याइले फसवाचं नाही."

पोरांनी इतकी वर्षं टिंगल केली असती तर परवडलं असतं, असं सरांना वाटलं. टिंगल करणाऱ्याला वर्गाबाहेर तरी काढता येतं.

ते मॅडमच्या टेबलाशी गेले. "त्या मुलीला परत करू द्या. पण रंग तुम्ही बघा."

"काहून? तुम्ही काय करून राहिले?"

"मला तो दिसत नाही."

"चष्मा राहिला का घरी?"

पळवाट आयती समोर आली होती. सर तिच्याकडे जरा वेळ आशेने पाहत राहिले.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "कधीच दिसला नाही."

सगळ्या तोट्या एकदम बंद झाल्या. मॅडम उठल्या आणि पायलच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. पायलने नवं आम्ल मोजून घेतलं. सर कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि धुतलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा धुवायला लागले.