राम्फाय बाईंच्या पगारातली कपात

थायलंडमधल्या नोंग वेंग गावच्या शाळेत थाविन सर अठरा वर्षं मुख्याध्यापक होते आणि एवढ्या वर्षांत त्यांना तोंडावर 'नाही' म्हणालेलं माणूस गावात सापडणं कठीण. माणूस चांगला होता, हेच त्याचं कारण. कुणाकडे मयत झाली की तांदळाचं पहिलं पोतं सरांकडून जायचं. पोरांना जिल्ह्याच्या गावी शर्यतीला न्यायचं असलं की गाडी सरांची, पेट्रोलही सरांचं. अशा माणसाला नकार द्यायला जीभ उचलत नाही.

म्हणून एका दुपारी शाळेच्या जेवणघरात, चिकट भात आणि पपईची कोशिंबीर चालू असताना, त्यांनी शिक्षकांच्या पतपेढीचे कागद राम्फाय बाईंच्या पुढ्यात ठेवले, तेव्हा बाईंनी बोटं पुसली आणि सही केली.

"वाचून तरी बघा, बाई."

"तुम्ही वाचलंत ना सर, मग झालं."

"कर्ज माझं, हप्ता माझ्या पगारातून कापला जाणार. तुम्ही नावापुरत्या जामीन."

दुसरी सही आनोनची. तो नुकताच लागलेला, खेळाचा मास्तर. एवढ्या शाळेत सरांनी नेमकं आपल्याला विचारलं, याचंच त्याला अप्रूप वाटलं. घरी जाऊन त्यानं आईला ते कौतुकानं सांगितलंही.

कर्ज घराचं होतं. हमरस्त्यालगत, दोन मजली, खाली फरशी आणि वर जायला सागवानी जिना. मुख्याध्यापकाचं घर मुख्याध्यापकाला शोभेल असं हवं, असं सरांना वाटे. पतपेढीचं पुरलं नाही तेव्हा त्यांनी बाजारपेठेतल्या एका सावकाराकडूनही उचललं. बुफाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सावकाराचं ठाऊक नव्हतं. तिच्या हाती दर महिन्याला घरखर्च येत होता आणि तो कधी कमी पडला नव्हता.

साठ वर्षं पूर्ण झाली. निवृत्तीच्या आधी तालुक्याच्या कचेरीत सगळ्या जाणाऱ्या शिक्षकांना बोलावून समजावून सांगितलं होतं, की दर महिन्याची पेन्शन घ्या, नाहीतर सगळी रक्कम एकदम उचला. पण एकदम उचललेली रक्कम हातात फार दिवस टिकत नाही, याचा विचार करा. सरांनी मान डोलावली होती. परत येताना गाडीत बाकीच्यांना त्यांनीच बजावलं, "पेन्शन घ्या रे. म्हातारपणी पोरांच्या तोंडाकडे बघायची वेळ नको."

आणि स्वतः एकरकमी घेतली.

सावकार शाळेच्या दारात येऊन बसायला लागला होता. शिवाय मुलगा, कोंग, भातकापणीचं यंत्र घ्यायचं म्हणत होता. "दोन हंगामात पैसे वसूल, बाबा. सगळा तालुका यंत्रानं कापतोय, आणि यंत्रं आहेत बाहेरच्यांची." सरांनी दोन्ही जामीनदारांना सांगितलं, की रक्कम आली की आधी पतपेढीचं मिटवतो. हे बोलताना ते खोटं बोलत नव्हते. रक्कम आली. सावकार ठरल्या दिवसाच्या आधीच येऊन गेला. उरलेल्यातून यंत्राचा पहिला भरणा झाला. पतपेढीत सरांनी काही महिने हप्ता भरला आणि कापणी झाल्यावर एकदम भरू म्हणून थांबले.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी पाऊस ओढला, निम्मी शेतं कापायच्या लायकीचीच राहिली नाहीत, आणि उरलेल्यांवर कंबोडियाच्या सीमेपर्यंतची यंत्रं येऊन पडली. कोंगचं यंत्र चिखलात रुतून त्याचा पट्टा तुटला. हप्ते थकले तशी कंपनीची माणसं येऊन ते ओढून घेऊन गेली. कोंग रायोंगला कारखान्यात लागला आणि फोन करायचाही कमी झाला.

पतपेढीनं मग नियमाप्रमाणे जामीनदारांचे पगार कापायला सुरुवात केली.

हे सरांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी शाळेवरून जायचं सोडलं. बाजाराला जायचं तर कालव्याच्या कडेनं वळसा घालून जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." राम्फाय बाईंचा किंवा आनोनचा त्यांना एकदाही फोन आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो.

एका संध्याकाळी ते बाजारात गेले असताना कापडाच्या दुकानापुढे थबकले. समोर कोळशाच्या शेगडीमागे राम्फाय बाई बसल्या होत्या. शाळेचेच कपडे, वर एक जुना एप्रन. केळी भाजत होत्या. चौथीतल्या एका पोराची आई घेऊन गेली आणि जाताना तिनं बाईंना नेहमीसारखे हात जोडले, पण पैसे देताना दोघीही जरा अवघडल्या.

सरांना मागे फिरायचं होतं. तेवढ्यात बाईंची मान वर झाली. नजरानजर झाली, नक्की झाली. आणि पुढच्याच क्षणी बाई खाली वाकून शेगडीमागच्या खोक्यात काहीतरी शोधायला लागल्या. खूप वेळ शोधत राहिल्या. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी वर बघितलं नाही.

सर निघून गेल्यावरच त्या वर आल्या असणार. आपली लाज राखायला ती बाई आपल्यापासून लपली, एवढंच सरांच्या डोक्यात घरी पोचेपर्यंत फिरत होतं. बुफानं बाजारातून काय आणलं विचारलं. त्यांनी काहीच आणलं नव्हतं.

पावसाळा संपत आला तेव्हा राम्फाय बाई स्वतःच घरी आल्या. दारात चपला काढल्या, खाली चटईवरच बसल्या. बुफानं पाणी दिलं.

"या महिनाअखेर मी निवृत्त होतेय, सर. शाळेत कार्यक्रम आहे. सूत तुम्ही बांधायचं."

आमच्याकडे कुणाला निरोप द्यायचा तर वडीलधारी माणसं मनगटाला पांढरं सूत बांधून आशीर्वाद देतात. पहिलं सूत सर्वांत मानाच्या माणसाचं.

"दुसरं कुणीतरी बघा, बाई. माझी तब्येत हल्ली..."

"अठरा वर्षं तुमच्या हाताखाली काढली. दुसरं कोण बघू?"

बुफा मधेच म्हणाली, "येतील हो. न यायला काय झालं? आणि काय गं, घरावरचं छत करणार होतीस ना सुट्टीत?"

"थांबवलंय, ताई."

"का? पावसाआधी करायला हवं होतंस."

बाई पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिल्या. सर खिडकीतून बाहेर बघत होते. बुफानं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

बाई गेल्यावर बुफा उठली नाही. "किती कापतात तिचे?"

सरांनी चटईवरचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"मला म्हणालात पतपेढीचं मिटलं."

"मिटवणार होतो."

"किती कापतात ते विचारतेय मी."

त्यांनी आकडा सांगितला. बुफानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आनोनचे पण?"

"हं."

"त्याचं लग्न मोडलं ते यासाठी? मुलीच्या बापाला द्यायचा हुंडा भरायला पैसे नव्हते त्याच्याकडे, असं त्याची आई सांगत होती देवळात. मी तिला म्हटलं, हल्लीची पोरं उधळी. मी म्हटलं तिला असं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं." बुफाचा आवाज बारीक होत गेला. "एक वर्ष मी देवळात तिच्या शेजारी बसतेय."

कार्यक्रमाच्या दिवशी बुफानं त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून काढला. ते नको म्हणत होते. "जा," ती म्हणाली. "तिनं स्वतः येऊन बोलावलंय. आता नाही गेलात तर तुमच्यात आणि चोरात काय राहिलं?"

शाळेच्या मंडपात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालन आनोनकडे होतं. पाहुण्यांची ओळख करून देत तो सरांपाशी आला.

"आणि हे आमचे माजी मुख्याध्यापक. यांचा आम्हाला कधी विसर पडत नाही. दर महिन्याला पगार झाला की हमखास आठवण येते."

मंडपात हशा पिकला. पालकांना वाटलं काही जुनी गंमत असेल. शिक्षकांच्या रांगेत मात्र कुणी हसलं नाही, सगळे चपलांकडे बघत होते. सरांनी उठून हात जोडले, कारण ओळख करून दिल्यावर उठावंच लागतं.

मग सूत. राम्फाय बाई गुडघे मोडून समोर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. मनगटं कोळशानं इथेतिथे भाजलेली. सरांनी सूत गुंडाळलं आणि आशीर्वाद म्हणायला लागले. हजारदा म्हटलेले शब्द. दुखणं दूर राहो, झोप शांत लागो, मुलं-नातवंडं सुखात राहोत. त्याच्या पुढे येतं ते हाताशी पैसा राहण्याचं. त्यांनी ते गाळलं आणि गाठ मारायला घेतली.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पैशाचं राहिलं, सर."

"बाई, मला..."

"म्हणा. लोक बघतायत."

"हाताशी पैसा राहो," सर म्हणाले. दुसरी गाठ त्यांना मारता येईना. शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांनी ती मारून दिली. बाईंनी कपाळापर्यंत हात नेऊन नमस्कार केला आणि पुढच्या माणसाकडे सरकल्या. जेवायला सर थांबले नाहीत.

घरी बुफा पायरीवर बसली होती. तिनं कसं झालं ते विचारलं नाही. म्हणाली, "घर विकू या."

"वेड लागलंय का? गाव काय म्हणेल?"

"गाव केव्हापासून म्हणतंय. आपल्यालाच ऐकू येत नव्हतं."

"आणि राहायचं कुठे?"

"आईची झोपडी आहे शेतावर. मी तिथेच जन्मले, काही झालं नाही मला."

त्यांनी दोन आठवडे विषय काढला नाही. बुफा रोज काढायची. भात वाढताना, दिवा मालवताना. शेवटी कोरियात कामाला असलेल्या एका पोराच्या बापानं घर घेतलं, पडत्या भावात. सरांनी पतपेढीत जाऊन रक्कम भरली. खिडकीतल्या कारकुनाला त्यांनीच पाचवीत शिकवलं होतं. त्यानं उभं राहून नमस्कार केला. सरांना वाटलं, यानं पैसे बसूनच घेतले असते तर बरं. त्या महिन्यापासून आनोनच्या पगारातली आणि बाईंच्या पेन्शनमधली कपात थांबली.

आतापर्यंत कापले गेलेले मात्र राहिले होते. घराचे पैसे पतपेढीत संपले. सरांनी गावाबाहेरच्या गिरणीवर काम धरलं, आलेल्या ट्रकचं वजन लिहून घ्यायचं. पहिला पगार झाला तसं बुफाचं एक सोन्याचं वळंही मोडलं आणि दोन पाकिटं केली.

आनोन मैदानावर होता. त्यानं पाकीट घेतलं, शर्टाच्या खिशात घातलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाला. सर थोडा वेळ उभे राहिले. तो पोरांच्या ओळी सरळ करायला गेला तो परत आला नाही.

राम्फाय बाईंच्या घरी जाताना सरांनी मनाशी शब्द जुळवले होते. बाई म्हणतील, राहू द्या हो सर, म्हातारपणी कशाला. मग आपण म्हणू, नाही बाई, घ्यायलाच हवं. मग त्या निम्मे परत करतील. असं काहीतरी होईल याची त्यांना इतकी खात्री होती, की पाकीट पुढे करताना त्यांनी चेहराही तसाच केला.

बाईंनी पाकीट घेतलं, उघडलं, आतल्या नोटा बघितल्या.

"बाकीचे?"

सरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पैसे नाहीत म्हणून नव्हे. ही बाई आजही 'राहू द्या' म्हणेल असं आपण धरून चाललो होतो, इथपर्यंत येऊनसुद्धा. सही घेतली त्या दुपारी जे धरून चाललो होतो तेच.

"दर महिन्याला थोडे आणून देईन. गिरणीवर लागलोय."

"कितीला?"

त्यांनी सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "मग चार वर्षं लागतील."

"हो."

"आनोनला आधी पुरे करा. त्याला संसार मांडायचाय. माझं मग."

"दोघांचं बरोबरच देतो, बाई."

"सर," बाई म्हणाल्या, "मी सांगतेय."

इतक्या वर्षांत त्यांनी सरांना पहिल्यांदाच असं काही सांगितलं होतं. सरांनी मान हलवली. बाई आत गेल्या, पाणी घेऊन आल्या, आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर शाळेच्या फाटकातून आत जातात, आनोनच्या हातात पैसे देतात आणि तसेच मैदानावरून बाहेर पडतात. नवीन मुख्याध्यापक बोलावतात चहाला. सर म्हणतात, गिरणीवर ट्रक उभे आहेत. कधी असतात, कधी नसतात. कालव्याचा वळसा तेवढा त्यांनी सोडला. वयामुळे पाय दुखतात, असं सांगतात.